अण्णांच्या माशाला काय वाढावं

निघण्याआधी सांगलीत जो तो मला विचारत होता, "हुबळीला बघण्यासारखं आहे तरी काय?" मी सांगायची, "लता." सगळे हसायचे. आता परत आल्यावर तेच लोक विचारतात, काय काय बघून आलीस? मी सांगते, एक विहीर बघितली, एक मासा बघितला आणि पोट बिघडेपर्यंत मिरची भजी खाल्ली. त्यावरही हसतात. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

लता आणि मी मिरजेला एकत्र नर्सिंग शिकलो. ती बेळगावकडची, लग्न होऊन हुबळीला गेली आणि तिथेच नोकरी करून निवृत्त झाली. मी सांगलीत. फोन व्हायचे, जाणं मात्र राहून जायचं. या उन्हाळ्यात तिचा फोन आला. हवापाण्याचं बोलून झालं, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग हळूच म्हणाली, "वच्छे, प्रशांत विहीर बुजवायलाय गे. तू येतीस काय? तुझं ऐकंल तो."

प्रशांत तिचा मुलगा. लोक माझं ऐकतात असा माझा लौकिक आहे. खरं म्हणजे माझा आवाज मोठा आहे, एवढंच. पण लताचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी पिशवी भरली आणि गाडीत बसले.

कमरीपेठ

स्टेशनावरून रिक्षा केली. रिक्षावाला माझ्याशी कन्नडात बोलला, मी गोंधळलेली बघून मराठीत आला, वाटेत एका टेम्पोवाल्याला हिंदीत शिवी दिली आणि भाडं सांगताना परत कन्नडात गेला. आमच्या सांगलीतही कन्नड येतं लोकांना, पण ते बाजारात घासाघीस करण्यापुरतं. इथे एकच माणूस एका वाक्यात दोन भाषा बोलून जातो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

कमरीपेठेतली लताची गल्ली लहान लहान धंद्यांची आहे. शिंपी, पत्र्याच्या पेट्या करणारा, पिठाची गिरणी, आणि कोपऱ्यावर गिरमिटवाला. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटोचा मसाला कालवून केलेला प्रकार, सोबत हातभर लांब मिरची भजी. आमची भेळ त्याला आपला धाकटा भाऊ समजत असेल, पण चवीला तो थोरला आहे. लताचं घर गल्लीच्या मध्यावर. खाली दोन खोल्या, वर एक, आणि पुढच्या अंगणात ती विहीर. दगडी बांधणीची, कमरेएवढा कठडा, वर लोखंडी रहाट.

"आलीस काय गे? बस की! ऊटा आत?" लताने दारातच विचारलं. जेवण झालं का, हे ते लोक 'कशी आहेस' च्या जागी विचारतात. उत्तर काहीही द्या, ताट येतंच.

ताट आलं. कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी, शेंगांची चटणी, वर दही. आमच्याकडे अशी पातळ भाकरी केली तर सासू विचारेल, पीठ संपलं काय? मी पहिला घास उचलणार तोच लताने पातेल्यातून मूठभर भात घेतला, बाहेर गेली आणि विहिरीत टाकून आली.

"अण्णांच्या माशाला," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे तिचे यजमान. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. अख्खी गल्ली त्यांना अण्णाच म्हणायची. फार वर्षांपूर्वी ते सौंदत्तीकडे गेले असताना मलप्रभा नदीतला एक मासा डब्यात घालून घेऊन आले आणि विहिरीत सोडला. विहिरीत मासा असला की पाणी चांगलं राहतं, म्हणून. गेल्या वर्षी अण्णा गेले. तेव्हापासून घरातला पहिला घास माशाचा.

"आपल्यात कावळ्याला ठेवत नाहीत, आणि मला ते पटत पण नाही," लता म्हणाली. "पण माशाला घातलं तर काय बिघडलं? त्यांनी आणलेला जीव हाय."

आणि ही एकटी लता नव्हती. संध्याकाळी गिरमिटवाला उरलेले चुरमुरे घेऊन आला, ओंजळीने विहिरीत टाकले, हात जोडले, गेला. शिंप्याच्या बायकोने भाकरीचे तुकडे टाकले. कुणी बिस्किटं, कुणी शिळी इडली. अण्णा गल्लीत सगळ्यांच्या उपयोगी पडलेला माणूस, तेव्हा गल्ली त्यांच्या माशाला लाडाने पोसत होती. लताने माझ्याही हातावर चुरमुरे ठेवले. मीही वाकून टाकले. आणि वाकले तेव्हा वास आला.

मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं आहे, मला वासाचं काही वाटत नाही. पण या वासाने मी दोन पावलं मागे आले. आंबलेल्या भाताचा, नासलेल्या कढीचा असा काहीतरी.

तेवढ्यात प्रशांत कामावरून आला. एका कॉलेजात क्लार्क आहे, बापासारखाच उंच. पाया पडला, चहा घेतला आणि मी विषय काढायच्या आधी त्यानेच काढला. "मावशी, तुम्हाला आईनं कशाला बोलावलंय ते मला माहीत हाय. तुम्हीच सांगा. माझ्या पोरीच्या अंगावर ह्या पाण्यानं पुरळ आलं. गल्लीतलं कोण पाणी न्यायला येत नाही आता, नुसतं खायला टाकायला येत्यात. सोमवारी गवंडी येणार. वरनं स्लॅब टाकतो, गाड्या लावायला जागा होईल."

माझा मोठा आवाज माझ्या घशातच राहिला. पोर आतून आली, तिचे हात मी बघितले. तो चुकीचं काही बोलत नव्हता.

तो वर गेल्यावर लता कठड्याला टेकून बसली. म्हणाली, "ही विहीर मामंजींनी स्वतः खणली. ते आणि त्यांचा भाऊ. दिवसा हमाली करायचे आणि सांजेला खणायचे." तिचे सासरे मजुरीसाठी हुबळीला आले तेव्हा आपल्या लोकांना दुसऱ्यांच्या विहिरीवर जाता येत नव्हतं. बाजूला उभं राहून, ओंजळ पुढे करून पाणी मागायचं. कुणाला सवड झाली तर तो वरून ओतायचा. "पाणी लागलं त्या दिवशी मामंजी रडले म्हणं. आणि मग ज्यांनी ओतलं त्यांचीच पोरं हितनं पाणी न्यायला लागली. नळाला अजून पण रोज पाणी येत नाही. ही विहीर कधी आटली नाही वच्छे. आणि माझ्या हातनं बंद व्हायची काय?"

माझा आजा वाळव्याकडच्या एका गावात असाच उभा राहिलेला आहे. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला त्या रात्री अन्न गोड लागलं नाही, आणि इतकी चांगली वांगी वाया गेल्याचंही वाईट वाटलं.

उणकल

दुसऱ्या दिवशी लताने मला धारवाडला पेढे खायला नेलं. दुःख आपल्या जागी, पाहुणी आपल्या जागी. जोडशहरांच्या मधून जी गारेगार बस धावते तिला तिथले लोक चिगरी म्हणतात. चिगरी म्हणजे हरीण. बस खरोखरच तशी पळते. आमच्या एसटीला असं एखाद्या जनावराचं नाव द्यायचं झालं तर कुठलं द्यावं, यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

धारवाडचा पेढा खरपूस, तपकिरी, वर साखर घोळलेली. कंदी पेढ्यावर वाढलेल्या माझ्या जिभेने आधी कुरकुर केली, मग दुसरा मागितला, मग तिसऱ्याला लताने डबाच बंद केला. येताना उणकलच्या तळ्यावर उतरलो. काठावर एक कुटुंब पाण्यात चुरमुरे टाकत होतं आणि मासे अक्षरशः एकमेकांवर चढून खात होते. तोंडं वर, उघडी, चुरमुरा पडतो न पडतो तोच गट्ट.

"अण्णांचा मासा असा कधी वर येत नाही बघ," लता म्हणाली. "लाजरा हाय."

"कधीच नाही?"

"अण्णा असताना एकदा बघितलेला. पाणी लई खाली गेलतं. तळात मातीत शिरून बसलेला, नुसतं तोंड बाहेर. लांब हाय, सापासारखा. तोंड पुढं सोंडेवाणी."

मी कठड्यावर बसलेली उठून उभी राहिले. "लते, सोंड हलते का? तपकिरी आहे? अंगावर जाळीसारखी नक्षी?"

"हां. तसंच."

"अगं, ती वाम आहे!"

माझे वडील कृष्णेत गळ टाकायचे. वामीसाठी गळाला कणीक लावून उपयोग नसायचा. गांडूळच लागायचं, आणि तेही तळाला टेकवून. वाम दिवसभर रेतीत, नाहीतर दगडाच्या कपारीत अंग घालून पडते. दिवस कलला की ती सोंड बाहेर काढून चाचपत निघते. गांडुळं, चिखलातल्या अळ्या, झिंगे, एखादं माशाचं पिल्लू, असं हलणारं, जिवंत खाणं तिला लागतं. वास घेऊन शोधते, आणि सापडलं की शेवईसारखं ओढून घेते. वर तरंगणाऱ्या चुरमुऱ्यांकडे ती ढुंकूनही बघणार नाही.

आणि मी अक्कल गहाण ठेवल्यासारखी तिथेच, तळ्याच्या काठावर, नर्सच्या आवाजात बोलून गेले, "लते, तुझा भात तो मासा खात नाही. एक शीतसुद्धा नाही. ते सगळं तळाला जाऊन कुजतंय. तुझ्या विहिरीला रोग झालेला नाही, तिला अजीर्ण झालंय."

लताने पेढ्यांचा डबा पिशवीत टाकला आणि बसकडे चालू लागली. घरी आल्यावर नेहमीच्या वेळी तिने पातेल्याचं झाकण काढलं, मूठ भरली आणि तशीच उभी राहिली.

"मग एवढे दिवस मी कुणाला वाढत होते?" तिने विचारलं.

मी पातेल्यावर झाकण ठेवायला गेले, तशी ती चिडली. बरं वाटलं मला, चिडलेली लता माझ्या ओळखीची आहे. "तू बाहेरनं येऊन सांगणार आणि मी त्याला उपाशी मारू? तुला काय माहीत, खात असंल की थोडं! टाकलेलं सगळं जातंय कुठं मग?" मी म्हटलं, गाळ काढ, तळाला बघू. बादलीभर गाळात भात निघाला नाही तर मी तुझी माफी मागेन आणि सांगलीची गाडी पकडेन. "आणि मासा मेलेला निघाला तर?" ती म्हणाली. तिला खरी भीती ही होती. म्हणून तर ती इतके दिवस गाळ काढू देत नव्हती.

प्रशांतशी बोलणं सोपं गेलं. मी त्याची बाजू बरोबर आहे असं आधी सांगितलं, त्याने तो नरमला. स्लॅबपेक्षा ते बरं म्हणून लताही तयार झाली, आणि ठरलं असं की रविवारी विहीर उपसायची. गवंड्याला आठवडाभर थांबवायचं. तेवढ्यात पाणी नीट झालं नाही, तर स्लॅब, आणि मग आईने किंवा मावशीने एक शब्द काढायचा नाही.

दाजीबानपेठ

शनिवारी आम्ही दाजीबानपेठेत जाऊन विहिरीच्या तोंडासाठी नायलॉनची जाळी आणली. कापडाच्या ठोक दुकानांच्या मधल्या एका बोळात ती मिळाली. दुकानदाराने जाळी कशाला हवी विचारलं. लताने माहिती दिली, माशाला लोक खायला घालतात म्हणून. दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. मापात मात्र मी गोंधळ केला. जाळी एवढी मोठी निघाली की विहीर झाकून उरलेल्यात प्रशांतची गाडीही झाकता आली असती. त्यावर उतारा म्हणून दुपारी लताने मला सावजी खानावळीत मटण खाऊ घातलं. तिखट इतकं की माझ्या डोळ्यांसमोर मिरजेचे सगळे शिक्षक उभे राहिले.

रविवार

विहीर साफ करणारे दोघं सकाळीच आले. मोटर लावली. पाणी खाली जायला लागलं तसा वास गल्लीभर झाला आणि ज्यांनी ज्यांनी खायला टाकलं होतं ते सगळे नाक धरून गोळा झाले. मी आत कुणाला उतरू देईना. कुजलेल्या विहिरीत वायू साठतो, माणूस खाली जातो आणि वर येत नाही. त्या दोघांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी कडुलिंबाचा डहाळा दोराला बांधून बराच वेळ वरखाली केला, मग जळता कंदील सोडला. कंदील तळापर्यंत जळत राहिला, तेव्हा एकजण उतरला.

पहिली पाटी वर आली. काळा, चिकट लगदा, आणि त्यात पांढरी शितं. प्रशांतने काठीने ढवळलं. चुरमुरे फुगून पिठासारखे झालेले, भाकरीचे तुकडे, बिस्किटाचा कागदसुद्धा. गिरमिटवाला पुढे होऊन बघत होता, तो हळूच मागे सरला. लता पदर तोंडाशी धरून पाटीमागून पाटी बघत होती. तिला भात बघायचा नव्हता, मासा बघायचा होता.

आणि अचानक खालून आरडाओरडा. "हाव! हाव!" हाव म्हणजे साप. माणूस दोर धरून असा सरसर वर आला की त्याला ओढायचीही गरज पडली नाही. गल्ली मागे पळाली. मी मात्र पुढे पळाले, गुडघे विसरून. "साप नाही, वाम आहे! जिवंत आहे का? हलली का?"

"हलली काय विचारता, माझ्या पायावरनं गेली!" तो म्हणाला.

लता कठड्याला धरून रडायला लागली. प्रशांतने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वाम बादलीतून वर आली. हातभर लांब, पण सुकलेली; डोक्याच्या मानाने अंग बारीक. घाण पाण्यात इतके दिवस ती तगली कशी याचं मला अजून नवल वाटतं. रात्री वर येऊन हवा घेते म्हणतात ही जात, त्यावरच जगली असेल. तिला टपात घालताना मी मोठ्या ऐटीत हात घातला आणि पाठीवरचे काटे तळव्यात घुसले. वडिलांनी शंभरदा सांगितलं होतं, वामीला पाठीकडून धरू नये. नर्सबाईंचा हात शेवटी लताने बांधला.

टपात रेती घातली होती. वाम क्षणात तिच्यात शिरली, सोंडेचं टोक तेवढं बाहेर. लताने कुणाला न विचारता चार शितं तिच्या तोंडाशी ठेवली. सोंड हलली नाही. मी न्हाणीच्या सांडपाण्याजवळची ओली माती उकरून गांडुळं काढली आणि एक सोडलं. तेही तसंच वळवळत पडलं. गल्ली बघत होती. शिंप्याची बायको म्हणाली, "मेलंय की काय हे?" प्रशांत माझ्याकडे बघून हसला, आणि दुपारपर्यंत माझी किंमत चांगलीच उतरली.

ऊन कललं तसं मी टपावर ओलं पोतं टाकलं आणि सगळ्यांना लांब बसवलं. मग मी, लता आणि प्रशांत, तिघांनी पोत्याची एक कड उचलून आत डोकावलं. सोंड हलत होती. डावीकडे, उजवीकडे, आंधळं माणूस ताटात चाचपतं तशी. चार शितांवरून ती गेली, जणू खडे आहेत. मग गांडुळाला टेकली, थबकली, आणि गांडूळ दिसेनासं झालं.

"खाल्लं!" प्रशांत ओरडला. क्लार्कचा आवाज नव्हता तो. बापाबरोबर नदीवर गेलेल्या पोराचा होता. "आई, खाल्लं बघ!" तो स्वतः उठून माती उकरायला गेला, ऑफिसच्या पँटवर.

लताने ती चार शितं एकेक करून रेतीवरून उचलली. मग म्हणाली, "उपाशी होता गे. मी मूठ मूठ भात टाकत होते, आणि तो खाली उपाशी." मी सांगितलं, उपाशी होती पण जिवंत आहे, आणि आजपासून जेवणार आहे. वॉर्डात मी पुष्कळांना खोटा धीर दिलेला आहे. हा खरा होता, आणि तो देताना मलाच रडू आलं.

झरे मोकळे झाल्यावर पाणी दोन दिवसांत गुडघ्याच्या वर चढलं, मग कमरेच्या. वाम तिच्या जागी गेली. सोबत प्रशांतने मासळीवाल्याकडून आणलेले जिवंत झिंगेही सोडले, म्हणजे तिला शिकार करता यावी. जाळी बसली, बादली जाण्यापुरतं तिला एक झाकण. गिरमिटवाला उरलेले चुरमुरे आता शिंप्याच्या कोंबड्यांना घालतो. कोंबड्यांचं तब्येतीने बरं चाललं आहे. पाणी आधी गढूळ होतं, मग निवळलं. मी रोज सकाळी भांड्यात घेऊन वास घ्यायची, आणि रोज तो कमी व्हायचा. शेवटी एका सकाळी काहीच वास आला नाही. प्रशांतनेही भांडं नाकाशी नेलं, ते पाणी तोंडावर मारलं आणि गवंड्याला फोन लावला. मी कान टवकारले. स्लॅब नको, म्हणाला, कठड्याचे दोन दगड हललेत, ते बसवून द्या.

मी निघाले त्या सकाळी माझी पिशवी दारात तयार होती आणि लता डब्यात शेंगांची चटणी कोंबत होती. फाटकाशी एक तरुण बाई उभी राहिली. गल्लीच्या टोकाला नवीन भाड्याने आलेली, लताने तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. काखेत प्लास्टिकची घागर. आत पाऊल न टाकता, खालमानेने तिने कन्नडात विचारलं, "अक्का, थोडं पाणी घेऊ का?"

मला वाटलं लता आनंदाने उडी मारेल. विहिरीवर किती दिवसांनी घागर आली होती. पण तिचा चेहरा एकदम कडक झाला. डबा तसाच उघडा ठेवून ती अंगणात गेली, फाटक सताड उघडलं आणि त्या बाईचा हात धरून तिला कठड्यापाशी आणलं.

"घे की," ती म्हणाली. "पण परत विचारायचं नाही. ह्या विहिरीवर कुणी विचारत नसतंय."

आणि दोर तिच्या हातात दिला.